चीज स्कोन: दूध ओतण्याआधीची तयारी

चीज स्कोन म्हणजे मैदा, बटर, दूध आणि चीजचा, यीस्टऐवजी बेकिंग पावडरने फुगवलेला छोटा पाव. त्याची कृती चार ओळींत मावते, तयारी मात्र मावत नाही. पिठात दूध पडलं की बेकिंग पावडर कामाला लागते. मग चीज किसायला, कटर शोधायला, ओव्हन लावायला उसंत नसते. म्हणून इथे कृतीपेक्षा तिच्या आधीचंच जास्त लिहिलंय. खूणगाठ एकच बांधायची: ओव्हन सोडून सगळं गार हवं, आणि दुधाला हात लावण्याआधी बाकी सगळं ओट्यावर हजर हवं.

सुरुवात आदल्या दिवशी, बेकिंग पावडरच्या डब्यापासून. डब्यावरची तारीख बघाच, पण तिच्यावर विसंबू नका. डबा उघडून किती महिने झाले आणि त्यात ओला चमचा किती वेळा गेला, हे तारखेला ठाऊक नसतं. अर्धा छोटा चमचा पावडर वाटीत घ्या आणि तिच्यावर पाव कप कढत पाणी ओता. क्षणात फसफसून फेस वर आला तर पावडर चांगली आहे. तळाशी चार बुडबुडे येऊन पाणी शांत झालं तर नवीन डबा आणा, कारण अशी पावडर दुप्पट घालून काम होत नाही, फक्त कडवट चव येते. हल्लीची बहुतेक बेकिंग पावडर दोनदा फुलते, एकदा ओली झाल्यावर आणि पुन्हा उष्णता लागल्यावर. तेवढी सवलत मिळते, पण पहिल्या वेळचा वायू भांड्यात वाया घालवण्यात शहाणपण नाही. तिच्या जागी नुसता खायचा सोडा घालायचा विचार असेल तर सोडून द्या. सोड्याला सोबत आंबट लागतं, साध्या दुधात तो स्कोनला साबणाची चव देतो.

आता चीज. या अख्ख्या यादीतला खरा निर्णय हाच. मुरलेलं, उग्र चवीचं चेडर घ्या. मैदा आणि दूध चव दाबून टाकतात, त्यामुळे नुसतं खाताना जरा जास्तच झणझणीत वाटलेलं चीज भाजल्यावर बरोबर लागतं. मवाळ चीज कितीही वाढवलं तरी चवीपेक्षा तेलकटपणाच वाढतो. मोझरेलाच्या तारा छान निघतात, पण त्यात पाणी जास्त आणि चव कमी. इथे त्याचं काम नाही. घरात प्रोसेस्ड चीजच असेल तर वापरा, पण सोबत थोडं परमेसान किसून घाला, नाहीतर स्कोन फिकट लागतात. एकूण १२० ग्रॅम लागेल: ९० पिठात, ३० वरून भुरभुरायला. पाकिटातलं आयतं किसलेलं घेऊ नका. कीस एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं आणि ते नीट वितळत नाही. लादी आणून किसणीच्या जाड भोकांवर किसा. बारीक कीस पिठात विरून जातो. जाड कीस जागोजागी वितळतो, आणि स्कोन उघडला की आत पिवळे चिकट ठिपके दिसतात. ते ठिपकेच तर हवे असतात! वरचे ३० ग्रॅम आत्ताच वेगळ्या वाटीत काढा, नाहीतर ऐन वेळी सगळं पिठात जातं. दोन्ही वाट्या फ्रिजमध्ये.

बटर ५५ ग्रॅम, तेही गार. मोहन कडकडीत घालायची हाताची सवय इथे विसरायची. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि आपल्या तळहाताची ऊब त्याच्या जवळपासच असते, म्हणजे हातच शत्रू. बटरमध्ये १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. न वितळलेले छोटे तुकडे ओव्हनच्या आचेत गेले की त्या पाण्याची वाफ होते, आणि तुकड्याच्या जागी पोकळी राहते. आधीच वितळलेलं बटर पिठात मुरून जातं आणि स्कोन बिस्किटासारखा घट्ट होतो. सोपी युक्ती म्हणजे बटरची कांडी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून तीही चीजसारखीच किसायची. कांडीच्या एका टोकाला कागद तसाच ठेवून तिथे धरा, म्हणजे बोटं लागत नाहीत. अधूनमधून किसणी पिठात बुडवली की कीस सुटा पडतो.

कोरडं मिश्रण सकाळीच करून ठेवता येतं. मैदा २२५ ग्रॅम, आणि तो वजनकाट्यावरच मोजा. त्याच कपात मैदा सैल भरला तर १२० ग्रॅम येतो आणि दाबून भरला तर १५० च्या घरात जातो. स्कोन कोरडे झाले की लोक ओव्हनला दोष देतात, चूक कपाची असते. त्यात सपाट तीन छोटे चमचे बेकिंग पावडर, अर्धा चमचा मोहरीची पूड, चिमूटभर लाल तिखट. सेल्फ रेझिंग पीठ असेल तर पावडर त्यात आधीच असते, वरून एक चमचा पुरे. मोहरी स्वतः चवीला कळत नाही, पण तिच्यामुळे चीज उठून लागतं, म्हणून ती गाळू नका. मिठाचा हिशोब मात्र थांबून करा. १०० ग्रॅम चेडरमध्ये साधारण १.८ ग्रॅम मीठ असतं. बटरही खारं असेल तर वेगळं मीठ नकोच, बिनमिठाचं असेल तर पाव चमचा. सगळं दोनदा चाळून झाकून ठेवा. पातीचा कांदा घालणार असाल तर धुऊन पूर्ण कोरडा करून मगच चिरा. ओली पात दुधाचं प्रमाण बिघडवते.

दूध १३० मिलि मोजून फ्रिजमध्ये ठेवा. थोडी आंबटसर चव आवडत असेल तर निम्मं दूध, निम्मं दही घुसळून घ्या, आणि मग पाव चमचा सोडा घालून एक चमचा पावडर कमी करा.

ओव्हन २२० अंशांवर, पंख्याचा असेल तर २०० वर, कमीत कमी २० मिनिटं आधी लावा. त्याचा दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली एवढंच. भिंती आणि जाळी अजून तापायच्या असतात. लहान ओटीजीत, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, वरची तापणारी कांडी फार जवळ असते, म्हणून जाळी मधल्या खाचेत, आणि फॉइलचा एक तुकडा फाडून बाजूला. चीज आधी काळं पडू लागलं तर तो वरून अलगद ठेवायला होतो. मायक्रोवेव्ह ओव्हन असेल तर त्यातलं कन्व्हेक्शन, म्हणजे पंख्याने गरम हवा फिरवणारं सेटिंगच वापरा.

ओव्हन तापतोय तोवर ओटा लावून घ्या. ट्रेवर बेकिंग पेपर, मूठभर मैदा भुरभुरायला, ६ सेंटिमीटरचा धारदार कटर, वर लावायला दोन चमचे दूध किंवा फेटलेलं अंडं, ब्रश, गार करायची जाळी. लाटणं लागत नाही. पेल्याची जाड कडही नको, ती पीठ कापत नाही, चिरडते. कटर नसेल तर सुरीने सरळ चौकोन पाडा. मला तर तेच बरं वाटतं, कारण उरलेले तुकडे पुन्हा गोळा करून थापावे लागत नाहीत आणि दुसऱ्यांदा थापलेले स्कोन नेहमीच चिवट होतात.

इथून पुढे दहा मिनिटं फोन दूर. बटर पिठात बोटांच्या टोकांनी हलकेच चोळा. रवाळ दिसलं आणि मधेमधे तुरीच्या दाण्याएवढे तुकडे राहिले की थांबा. चीज मिसळा. दोन चमचे दूध मागे ठेवून बाकीचं एकदम ओता आणि सुरीनेच कालवा. कोरडं पीठ तळाशी दिसलं तरच उरलेलं दूध. गोळा खडबडीत आणि किंचित चिकट हवा. मळून गुळगुळीत केलात तर मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे त्याला चिवटपणा देणारं प्रथिन, ताणलं जातं. ओट्यावर घेऊन दोन-तीनदा घडी घाला, अडीच सेंटिमीटर जाड थापा. कटर सरळ खाली, सरळ वर, पिळायचा नाही, नाहीतर कडा दबून स्कोन तिरका फुगतो. दूध फक्त वरच्या बाजूला लावा, कडेवर ओघळलं तर तिथे फुगणं अडतं. ट्रेवर एकमेकांपासून बोटभर अंतरावर ठेवले तर ते आजूबाजूला पसरण्याऐवजी वर चढतात. वरून राखलेलं चीज.

१२ ते १५ मिनिटांत सात-आठ स्कोन तयार. उलटून तळ बघा: बदामी हवा, टिचकी मारली की पोकळ आवाज यायला हवा. जाळीवर काढा. मऊ कडा आवडत असतील तर वर स्वच्छ कापड टाका, कुरकुरीत हवे असतील तर उघडेच ठेवा. त्याच दिवशी खायचे. दुसऱ्या दिवशी १७० अंशांवर पाच मिनिटं गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये ते रबरासारखे होतात.

पाहुणे सकाळीच येणार असतील तर कापलेले कच्चे स्कोन ट्रेवरच फ्रीझरमध्ये कडक करून डब्यात भरा, महिनाभर राहतात. भाजताना वितळवू नका. गोठलेलेच तापलेल्या ओव्हनमध्ये जातात, चार-पाच मिनिटं जास्त लागतात, आणि दूध नि वरचं चीज तेव्हाच लावायचं.