कडुनिंबाच्या पानांपासून झिंक ऑक्साइडचे नॅनोकण बनवताय? या चुका टाळा

भर दुपारी गच्चीवर मिथिलीन ब्लू या रंगाच्या निळ्या पाण्याचा बीकर ठेवायचा, कडुनिंबाच्या अर्कातून बनवलेली पांढरी पूड त्यात टाकायची आणि दोन तासांत निळा रंग उडाला की मुलं आनंदाने धावत खाली येतात. उन्हात झिंक ऑक्साइडचे कण रंगाचे रेणू तोडतात, त्याचाच हा प्रयोग. तो आनंद मला मनापासून आवडतो. पण माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पूड न टाकलेला बीकर कुठे आहे?

बहुतेक प्रकल्प इथेच फसतात. मिथिलीन ब्लू नुसत्या उन्हातही थोडाफार फिका पडतो, म्हणून शेजारी बिनपुडीचा बीकर हवाच. तिसरा बीकर पुडीसकट अंधारात ठेवा, कारण रंगाचे रेणू कणांना नुसते चिकटले तरी पाणी नितळ दिसतं. मुख्य बीकरही उन्हात नेण्याआधी अर्धा तास अंधारात ढवळा आणि तेव्हाचं स्पेक्ट्रोफोटोमीटरचं (पाणी किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग शून्य मिनिटाचं धरा. शंका असेल तर सेंट्रिफ्यूजच्या (नमुना वेगाने फिरवून कण तळाला बसवणाऱ्या यंत्राच्या) नळीच्या तळाशी बसलेली पूड पाहा. ती निळी दिसली तर रंग नष्ट झालेला नाही, पाण्यातून उठून पुडीवर जाऊन बसलाय. सेंट्रिफ्यूज न करता रीडिंग घेऊ नका. तरंगते कण प्रकाश विखुरतात आणि 664 नॅनोमीटरचा, म्हणजे मिथिलीन ब्लू सर्वाधिक प्रकाश शोषतो त्या तरंगलांबीचा, आकडा चुकतो.

आता अर्काकडे. पानांचा काढा करू नका. 60 ते 80 अंशांवर अर्धा तास पुरे, तेही डिस्टिल्ड पाण्यात. गाळलेला अर्क फ्रिजमध्ये ठेवा आणि शक्यतो ताजाच वापरा. पानं कोणत्या महिन्यात तोडली ते वहीत लिहा, कारण ऋतूप्रमाणे पानांतले घटक बदलतात आणि पुढची बॅच जुळत नाही.

भट्टीतून पूड तपकिरी किंवा करडी निघाली, तर पानांतले सेंद्रिय पदार्थ पुरते जळलेले नाहीत. 400 ते 500 अंशांवर दोन तास द्या. त्याहून फार वर गेलात तर कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. अर्कात झिंक नायट्रेट मिसळत असाल तर त्या मिश्रणाचा लगदा थोडा थोडाच तापवा आणि फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढणारं कपाट) सुरू ठेवा. त्यातून निघणाऱ्या तपकिरी वाफा विषारी असतात.

पूड जास्त टाकली की काम लवकर होतं, हाही गैरसमज. पाणी दुधाळ झालं की ऊन आत शिरत नाही. झिंक ऑक्साइडला मुळात अतिनील किरणच लागतात आणि उन्हात त्यांचा वाटा जेमतेम 5 टक्के. बीकरवर पॉलिकार्बोनेटचं झाकण ठेवलंत तर तेवढेही अडतात. त्यापेक्षा पसरट भांडं घ्या.

पीएच तपासल्याशिवाय सुरुवात करू नका. आम्लयुक्त पाण्यात झिंक ऑक्साइड विरघळतं, म्हणजे रंग काढता काढता आपणच पाण्यात जस्त सोडतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जस्ताची स्वीकार्य मर्यादा लिटरला 5 मिलिग्रॅम आहे. प्रक्रियेनंतर तेही मोजून घ्या.

इचलकरंजीसारख्या गावातलं कापड प्रोसेसिंगचं पाणी तर आणखी अवघड. त्यातले क्षार आणि कार्बोनेट हायड्रॉक्सिल रॅडिकल (उन्हात कणांवर तयार होणारे, रंग तोडणारे अतिक्रियाशील घटक) खाऊन टाकतात, त्यामुळे बीकरमधला निकाल तिथे तसाच मिळत नाही. शिवाय रंग गेला तरी रेणूचे तुकडे पाण्यात उरतात. म्हणून अहवालात ‘95 टक्के रंग गेला’ असं लिहाल, तेव्हा त्याच ओळीत सीओडी (पाण्यातले सेंद्रिय पदार्थ पुरते ऑक्सिडाइझ करायला लागणारा ऑक्सिजन) किती उतरला तेही लिहा.