फोटोंच्या कीवर्डची उतरंड: वरचे मथळे मोजकेच ठेवा

लाइटरूम क्लासिक किंवा फुकट मिळणाऱ्या डिजीकॅमसारख्या फोटो सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कीवर्ड (फोटो पुढे शोधता यावेत म्हणून जोडायचे शब्द) लावायला बसण्याआधी वरची पातळी ठरवून टाका: ठिकाणे, माणसे, निसर्ग, प्रसंग. चार-पाच पुरे. वर्ष-महिन्याचे कीवर्ड करत बसू नका, तारीख कॅमेरा फाइलमध्ये नोंदवतोच.

खरी गंमत खालच्या पातळीवर आहे. निसर्ग > पक्षी > खंड्या अशी साखळी केली की फोटोला फक्त ‘खंड्या’ लावायचा; पुढे ‘पक्षी’ शोधलंत तरी तो सापडतो. लाइटरूममध्ये प्रत्येक कीवर्डला समानार्थी शब्द जोडता येतात. तिथे ‘किंगफिशर’ टाकून ठेवा. शहरांची जुनी-नवी नावंही तिथेच: छत्रपती संभाजीनगरखाली औरंगाबाद. एकाच गावाचे दोन कीवर्ड झाले की अर्धे फोटो इकडे, अर्धे तिकडे.

‘शिवनेरी’सारखे शब्द मात्र दगा देतात. किल्लाही तोच, एसटीची बसही तीच. एक ‘किल्ले’खाली, दुसरी ‘वाहने’खाली ठेवा, वेगवेगळ्या पालकांखाली, म्हणजे वरच्या पातळीच्या कीवर्डखाली, एकच नाव चालतं. फोटो निर्यात (एक्सपोर्ट) करताना पालक-कीवर्डही सोबत जाऊ द्यात, नाहीतर बाहेर नुसतं ‘शिवनेरी’ उरतं. ‘ठिकाणे’, ‘प्रसंग’ हे मथळे मात्र फक्त आपल्या सोयीचे. त्यांच्या सेटिंगमधली निर्यातीची खूण काढून टाका.

आणि लाइटरूममधले कीवर्ड आपसूक फाइलमध्ये उतरत नाहीत, कॅटलॉगमध्येच, म्हणजे लाइटरूमच्या स्वतःच्या नोंदवहीतच राहतात. फोटो निवडून कंट्रोल-एस दाबा (मॅकवर कमांड-एस), म्हणजे उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी ते सोबत येतील.