भट्टीचे सांधे दुसऱ्यांदा भरताना
अ‍ॅल्युमिनियम वितळवायची छोटी भट्टी हौसेने बांधली आणि तिसऱ्यांदा पेटवली तोच सांधे भुसभुशीत. नखाने खरवडलं तरी पिठासारखं गळायचं. चूक माझीच. विटा आणल्या फायर ब्रिक, म्हणजे प्रखर आच सोसणाऱ्या, जोडल्या मात्र साध्या सिमेंटने! 400–500 अंशांच्या पुढे त्या सिमेंटमधलं बांधलेलं पाणी निघून जातं, मग त्यात दम राहत नाही.

सगळं उकललं. या वेळी फायर क्लेचा (आच सोसणाऱ्या मातीचा) मसाला दाट ताकासारखा कालवला, वीट त्यात बुडवून लगेच दाबून बसवली. सांधा जेमतेम 2 मिलिमीटर. (जाड सांधा मजबूत, हा माझा जुना गैरसमज.) आतून जड, दाट विटा, बाहेरून हलक्या, सच्छिद्र. हलकी वीट साध्या करवतीने कापता येते, पण ठोका सोसत नाही. कापताना मास्क हवाच, ती धूळ फुप्फुसांना वाईट.

आठवडाभर सावलीत वाळवली. मग नुसती मंद आच, शंभर अंशांच्या आसपास, कित्येक तास. तोंडावर धरलेल्या गार पत्र्यावर दव जमायचं थांबलं, तेव्हाच आच वाढवली. आता भट्टी निवली की केसासारख्या भेगा दिसतात. तापली की मिटतात, म्हणून मी त्यांना हात लावत नाही.