धनुष्कोडीची बुडालेली रेल्वे कशी शोधावी

आजीच्या यात्रेच्या वहीत एक ओळ आहे: "पांबनचा पूल ओलांडला. पुढे धनुष्कोडीस उतरलो, सेतूची वाळू घेतली." ही वाळू प्रयागला गंगेत सोडायची आणि गंगाजल आणून रामेश्वराला घालायचं, ही काशी-रामेश्वराची रीत कितीतरी मराठी घरांनी पाळली. ती ओळ मी लहानपणापासून वाचत आले, पण 'उतरलो' या शब्दापाशी फार उशिरा थबकले. आज गाडी रामेश्वरमला थांबते आणि तिथेच संपते. मग आजी रामेश्वर बेटाच्या टोकावरच्या धनुष्कोडीला कुठल्या गाडीतून उतरली?

त्या गाडीचा माग काढताना जे शिकले ते इथे मांडते आहे. समुद्रकाठची कुठलीही बंद पडलेली, कोळशाच्या इंजिनांच्या काळातली लाइन शोधायची असेल तर पद्धत साधारण हीच लागते. उदाहरण मात्र धनुष्कोडीचं, कारण तिथे लाइन हळूहळू बंद पडली नाही, एका रात्रीत गेली.

आधी वही आखा

कामाला लागण्यापूर्वी वहीच्या पानावर तीन रकाने आखा: वाचलं, पाहिलं, ऐकलं. प्रत्येक नोंद यांपैकी एकातच जाईल. हे शाळकरी वाटेल, पण पुढची सगळी मेहनत यावरच तरते. धनुष्कोडीबद्दल ऐकीव गोष्टी इतक्या आहेत की महिनाभरात आपण काय वाचलं आणि रिक्षावाल्याने काय सांगितलं, याचा डोक्यात काला होतो.

मग प्रश्न लहान करा. "धनुष्कोडीचा इतिहास" हा प्रश्न आयुष्य खाईल. "पांबनहून धनुष्कोडीला जाणारा मार्ग कुठून जात होता आणि त्यातलं जमिनीवर काय उरलं आहे" हा प्रश्न चार सुट्ट्यांत पेलतो.

लाइनचा सांगाडा समजून घ्या

मुख्य भूमी आणि रामेश्वर बेट जोडणारा पांबनचा रेल्वेपूल २४ फेब्रुवारी १९१४ रोजी सुरू झाला. लांबी सुमारे दोन किलोमीटर, आणि जहाजांना वाट देण्यासाठी मध्ये दोन्ही बाजूंनी वर उचलला जाणारा शेर्झर पद्धतीचा गाळा. लाइन साउथ इंडियन रेल्वेची, मीटरगेज. मद्रासच्या एग्मोर स्टेशनहून निघालेली 'बोट मेल' या पुलावरून धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत जायची. तिथून आगबोटीने सुमारे ३५ किलोमीटर समुद्र ओलांडून सिलोनमधलं (आजच्या श्रीलंकेतलं) तलैमन्नार, आणि तिथून दुसऱ्या गाडीने कोलंबो. तिकीट एकच, पण डबे पलीकडे नेण्याची सोय नव्हती. नेऊन उपयोगही नव्हता, कारण सिलोनची लाइन साडेपाच फुटी ब्रॉडगेज आणि इकडची एक मीटरची.

आजीसारखे मुंबईकडचे यात्रेकरू रायचूरमार्गे ब्रॉडगेजने मद्रासला येत आणि एग्मोरला मीटरगेजची गाडी धरत. म्हणजे रामेश्वरच्या वाटेवर सामानाची चढउतार ठरलेलीच. आजीच्या वहीत "हमाल १ आणा" अशी नोंद दोनदा का आहे, ते मला इथे कळलं.

नकाशा उघडण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. पांबन हे जंक्शन होतं. तिथून एक फाटा रामेश्वरमला जाई, सुमारे १० किलोमीटरचा. दुसरी लाइन धनुष्कोडीला, सुमारे २४ किलोमीटरची. बोट मेलचा रस्ता हा दुसरा. आज आपण गाडीने रामेश्वरमला जातो तेव्हा त्या जुन्या फाट्यावरून जात असतो. मुख्य वाट गेली, फाटा उरला.

कागद शोधा, आणि कागदाचं वय बघा

सुरुवात नकाशांपासून. टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टनेडा ग्रंथालयाने अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाची भारताची १:२,५०,००० प्रमाणाची 'यू ५०२' ही मालिका संकेतस्थळावर फुकट ठेवली आहे. हे नकाशे प्रामुख्याने १९५० च्या दशकातले, म्हणजे वादळाआधीचे. रामेश्वर बेटाचा तुकडा उतरवून घ्या आणि गूगल अर्थमध्ये आजच्या चित्रावर पारदर्शक करून बसवा. बसवताना किनाऱ्याची रेषा जुळवू नका. वाळूचा किनारा सरकतो. मंडपम आणि पांबनमधल्या पुलाची दोन टोकं आणि रामेश्वरचं देऊळ, असे न हलणारे बिंदू धरा. मी पहिल्यांदा किनारा जुळवला होता आणि माझी लाइन चक्क पाण्यात गेली होती.

नंतर वेळापत्रकं. कलकत्त्याच्या न्यूमन कंपनीचं 'इंडियन ब्रॅडशॉ' आणि रेल्वेची स्वतःची वेळापत्रकं जुन्या पुस्तकांच्या बाजारात, मोठ्या ग्रंथालयांत आणि डिजिटल संग्रहांत मिळतात. वेळा सगळे वाचतात. तुम्ही तळटिपा वाचा. कुठे गाडी फक्त मागणी असेल तर थांबते, कुठे जेवणाची सोय आहे, कुठला डबा कुठे सुटतो, हे तिथे सापडतं.

स्टेशनांची नावंही बोलतात. या लाइनवर 'रामेश्वरम रोड' असं एक नाव भेटतं. नाशिक रोड, वसई रोड, सावंतवाडी रोड ही नावं माहीत असलेल्या माणसाला लगेच उमगेल, की हे स्टेशन गावात नाही, गावाच्या वाटेवर आहे. डॉ. अब्दुल कलाम यांनी आपल्या लहानपणच्या आठवणींत लिहिलं आहे, की दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरमचा थांबा बंद झाला तेव्हा वर्तमानपत्रांचे गठ्ठे रामेश्वरम आणि धनुष्कोडीच्या दरम्यान, रामेश्वरम रोडवर, धावत्या गाडीतून फेकले जात आणि ते गोळा करायचं काम त्यांच्याकडे आलं. एका मुलाच्या पहिल्या कमाईची ही गोष्ट, पण तीत थांबा, मार्ग आणि काळ असे तीन पुरावे आहेत.

शोधताना स्पेलिंग बदलून पाहा. इंग्रजी कागदांत धनुष्कोडीमधला 'एच' कधी असतो कधी नसतो, आणि पांबन 'पॉम्बेन' असंही लिहिलेलं सापडतं. काळही तपासा. १९१४ पूर्वी सिलोनची आगबोट तुतिकोरिनहून सुटे, त्यामुळे त्याआधीच्या कोलंबोच्या प्रवासवर्णनाचा या लाइनशी संबंध नाही.

सरकारी कागदांसाठी चेन्नईतलं तमिळनाडू अभिलेखागार (तेही एग्मोरलाच) आणि दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार. साउथ इंडियन रेल्वेचं मुख्यालय त्रिचनापल्लीला होतं, म्हणून तिरुचिरापल्लीचं रेल्वे संग्रहालय वाटेत असेल तर चुकवू नका. आणि आपलं घर. माळ्यावरची ट्रंक, पोस्टकार्डं, यात्रेचा हिशोब, गंगेच्या सीलबंद गडूवरची चिठ्ठी. मराठी घरांतल्या या कागदांचा धनुष्कोडीच्या संदर्भात कुणी विचारच केलेला नाही असं मला वाटतं, आणि त्याचं वाईट वाटतं.

त्या रात्रीचा तपास जपून करा

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री आलेल्या चक्रीवादळाने धनुष्कोडी संपवलं. ६५३ क्रमांकाची पांबन-धनुष्कोडी पॅसेंजर त्या रात्री पांबनहून निघाली आणि धनुष्कोडीच्या जवळ पोचली असताना लाटेखाली गेली. तुम्हाला जागोजागी सांगतील की गाडी पांबनच्या पुलावरून पडली. तसं नाही. पुलाचे गर्डर वाहून गेले ते खरं, पण गाडी बुडाली ती बेटावर, धनुष्कोडीच्या तोंडाशी. एकाच रात्रीच्या दोन घटना लोकांच्या आठवणीत एक झाल्या. 'ऐकलं' हा रकाना वेगळा ठेवायचा तो यासाठी.

मृतांच्या आकड्याचंही तसंच. गाडीत ११० प्रवासी आणि ५ कर्मचारी, असा आकडा बहुतेक ठिकाणी येतो. काही ठिकाणी तो २०० च्या आसपास जातो, कारण बिनतिकिटाची माणसं कुठल्याच नोंदीत नसतात. अशा वेळी एक आकडा निवडून मोकळं होऊ नका. दोन्ही लिहा, कुठून आले तेही लिहा.

पूल मात्र पुन्हा उभा राहिला, ४६ दिवसांत. समुद्रात पडलेले गर्डर शोधून, काढून परत चढवले गेले. त्या कामावरचे तरुण इंजिनीअर म्हणजे ई. श्रीधरन, पुढे ज्यांनी आपली कोकण रेल्वे बांधली. रत्नागिरीच्या गाडीत बसताना मला हे नेहमी आठवतं. धनुष्कोडीची लाइन तेवढी परत घातली नाही. सरकारने गाव राहण्यास अयोग्य ठरवलं, आगबोट रामेश्वरमहून सुटू लागली, आणि १९८० च्या दशकात श्रीलंकेतल्या यादवीने तीही थांबवली.

प्रत्यक्ष जाताना

जानेवारी ते मार्च हा काळ निवडा. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पावसाचे दिवस; ते वादळही डिसेंबरातलंच. रामेश्वरमहून धनुष्कोडीला बस आणि रिक्षा मिळतात. पुढे अरिचलमुनै या टोकापर्यंत २०१७ पासून पक्की सडक आहे. सकाळी लवकर निघा, कारण संध्याकाळी पोलीस गाड्या परत पाठवतात. पाणी आणि टोपी बरोबर हवी, सावली जवळजवळ नाही.

गाडीने येताना नव्या पुलावरून याल. तो एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला. जुन्या पुलावरची वाहतूक डिसेंबर २०२२ मध्ये थांबली. त्यावर किंवा कुठल्याही रुळांवर चालायला जाऊ नका, रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली तो गुन्हा आहे. फोटो शेजारच्या रस्त्यावरच्या पुलावरून छान येतात.

धनुष्कोडीला पोचल्यावर लगेच अवशेषांत शिरू नका. आधी लांबून पाहा. दोन्हीकडे समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. इथे रेल्वेला वळायला फारशी जागाच नव्हती, हे एका नजरेत कळतं. मग फोनवर बसवलेला जुना नकाशा उघडून त्या रेषेजवळ चाला. लक्ष ठेवायचं ते आसपासच्या वाळूपेक्षा उंच आणि सरळ जाणाऱ्या पट्ट्यावर. वाळू वाऱ्याने गोल होते. सरळ रेष बहुधा माणसाने केलेली असते. वाळूत बाहेरची, धारदार खडी दिसली तर थांबा, कारण या पट्टीवर तसा दगड आपोआप येत नाही. कुठे रूळ किंवा स्लीपर दिसलेच तर आतल्या कडांमधलं अंतर मोजा. एक मीटर भरलं तर ही आपली लाइन.

चर्चच्या आणि स्टेशनच्या भिंती बघताना दगड जवळून पाहा. बांधकामात प्रवाळाचे दगड वापरले आहेत, छिद्रं-छिद्रं असलेले. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा अवशेष म्हणजे रेल्वेच्या पाण्याच्या टाकीचा. पर्यटक तिच्याकडे पाठ करून चर्चचे फोटो काढतात. वाफेच्या इंजिनाला कोळशापेक्षा कितीतरी जास्त पाणी लागतं, आणि तेही गोडं. खाऱ्या पाण्याने बॉयलर फेसाळतो, आत क्षारांचा थर बसतो आणि नळ्या जातात. चारी बाजूंना समुद्र असलेल्या जागी गोडं पाणी साठवून उंचावर चढवणं, ही या लाइनची रोजची लढाई होती. त्या टाकीपाशी अर्धा तास तरी बसा.

प्रत्येक फोटोत मोजपट्टी किंवा निदान छत्री ठेवा, आणि तोंड कुठल्या दिशेला आहे ते तिथल्या तिथे लिहा. घरी येऊन लिहू म्हटलं की सगळ्या भिंती सारख्या दिसतात.

काही उचलू नका. प्रवाळ कायद्याने संरक्षित आहे, बाजूला मन्नारच्या आखाताचं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. विटेचा तुकडाही जागचा हलवला तर पुढच्या शोधकाचा पुरावा गेला. ड्रोन आणू नका, सीमेचा भाग आहे.

माणसांशी बोलणं

तिथल्या झोपड्यांत मच्छीमार कुटुंबं आहेत. तमिळ येत नसेल तर रामेश्वरमहून कुणाला बरोबर घ्या. देवळातले पुजारी पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या महाराष्ट्रीय घराण्यांतले आहेत, तुमचा रिक्षावाला त्यांना ओळखत असेल. तिथून ओळख काढणं सोपं जातं. बसल्याबसल्या वादळाचं विचारू नका. समोरच्या आजोबांचं कुणीतरी त्या रात्री गेलेलं असू शकतं. गाडी किती वाजता यायची, इंजिनाची शिट्टी कुठवर ऐकू यायची, धक्क्यावर काय विकायला असायचं, हे विचारा. रेकॉर्डिंग करायचं तर आधी परवानगी घ्या. ते वादळावर आपणहून आले तर ऐका, मध्ये तारीख दुरुस्त करू नका. दुरुस्ती वहीत करा.

परत आल्यावर

आठवड्याच्या आत नोंदी नीट उतरवा आणि नकाशावर तीन रंगांनी तीन रकाने भरा. जिथे दोन रंग एकत्र येतात ती जागा भरवशाची. माझ्या नकाशावर तिन्ही रंग एकत्र आले ते फक्त टाकीपाशी. घरचे जुने कागद स्कॅन करून त्यांची एक प्रत घराबाहेर कुठेतरी ठेवा, ओल आणि वाळवी आपल्याकडेही आहे.

ज्यांना जमेल त्यांनी पलीकडची बाजूही बघावी. तलैमन्नारची लाइन यादवीत बंद पडली होती. भारताच्या इरकॉन कंपनीने ती परत घातली आणि २०१५ मध्ये कोलंबोहून तिथे पुन्हा गाडी जाऊ लागली. मला अजून जायचं आहे.

आजीच्या वहीत त्या ओळीसमोर मी पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे: "एग्मोरहून, मीटरगेज, पांबन जंक्शनवरून पुढे. १९१४ नंतर, डिसेंबर १९६४ पूर्वी." वर्ष अजून मिळालेलं नाही. हमालाचा आणा कुठल्या साली किती होता, ते आता शोधते आहे.