गिटहबवर कोणाचं इन्व्हाइट अजून अडकलंय, ते कसं बघायचं

‘इन्व्हाइट पाठवलंय, पण माणूस टीममध्ये दिसत नाही’ अशी तक्रार आली की बरेच जण दुसरं इन्व्हाइट पाठवून मोकळे होतात. आधी यादी बघा. गिटहब म्हणजे कोड ठेवण्याची साइट. तिथल्या ऑर्गनायझेशनमध्ये, म्हणजे कंपनीच्या किंवा गटाच्या सामायिक खात्यात, न स्वीकारलेली इन्व्हाइट्स एकाच जागी नसतात, आणि नाव कुठल्या यादीत सापडतं यावरच पुढचं काम ठरतं.

वर उजवीकडच्या आपल्या फोटोवर क्लिक करून ऑर्गनायझेशन्समध्ये जा, हवी ती ऑर्गनायझेशन उघडा आणि ‘पीपल’ टॅब निवडा. डावीकडे मेंबर्सच्या खाली ‘इन्व्हिटेशन्स’, ‘फेल्ड इन्व्हिटेशन्स’ आणि ‘पेंडिंग कोलॅबोरेटर्स’ अशा वेगवेगळ्या ओळी असतात. तुम्हाला त्या दिसतच नसतील तर बहुधा तुम्ही ओनर, म्हणजे ऑर्गनायझेशनचा पूर्ण ताबा असलेले, नाही. टीम मेंटेनर (एखादी टीम सांभाळणारा) असून भागत नाही. मेंटेनरला आधीच मेंबर असलेल्या माणसाला टीममध्ये घेता येतं, पण बाहेरच्याला बोलावणं ओनरच्याच हातात असतं.

‘इन्व्हिटेशन्स’मध्ये अजून चालू असलेली इन्व्हाइट्स असतात. इन्व्हाइट पाठवल्यापासून 7 दिवस चालतं. त्यानंतर ते इथून जातं आणि ‘फेल्ड’मध्ये दिसतं. म्हणून ‘कालपर्यंत नाव होतं, आज गायब’ असं कोणी म्हटलं की आधी ‘फेल्ड’ उघडा. तिथूनच ते पुन्हा पाठवता येतं किंवा काढून टाकता येतं. तिसरी यादी, ‘पेंडिंग कोलॅबोरेटर्स’, अगदी वेगळ्या लोकांची आहे. एखाद्याच रिपॉझिटरीवर (एका प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्यावर) काम करायला बोलावलेले, पण ऑर्गनायझेशनचे मेंबर न होणारे लोक इथे असतात. फ्रीलान्सरचं नाव सापडत नसेल तर ते नव्वद टक्के इथेच असतं. त्या रिपॉझिटरीच्या सेटिंग्जमध्ये, कोलॅबोरेटर्सच्या पानावरही ते दिसतं.

आता यादीतली ओळ नीट वाचा. काही ओळींत युजरनेम असतं, काहींत नुसता ई-मेल पत्ता. युजरनेमवर पाठवलं असेल तर समोरच्याला मेल सापडला नाही तरी बिघडत नाही. त्याने त्याच अकाउंटने लॉग-इन करून ऑर्गनायझेशनचं पान उघडलं की वर इन्व्हाइटची पट्टी दिसते. ई-मेलवर पाठवलं असेल तर त्याला मेलमधल्या लिंकवरूनच यायला सांगा, आणि क्लिक करण्याआधी ब्राउझरमध्ये कुठलं अकाउंट उघडं आहे ते तपासायला लावा. ऑफिसच्या पत्त्यावर आलेली लिंक घरच्या अकाउंटने स्वीकारली की मेंबर म्हणून घरचं अकाउंट येतं, आणि ओनर मात्र ऑफिसचं नाव शोधत बसतो.

आणखी एक हमखास अडथळा म्हणजे टू-फॅक्टर, म्हणजे लॉग-इनला पासवर्डशिवाय दुसरी खात्री. ऑर्गनायझेशनने ते सक्तीचं केलं असेल तर समोरच्याने आपल्या अकाउंटवर ते सुरू केल्याशिवाय इन्व्हाइट स्वीकारता येत नाही. यादीत मात्र याचं काही कारण दिसत नाही, ओळ नुसती पेंडिंग राहते. नव्याने बोलावलेल्यांना हे आधीच कळवलेलं बरं.

रोल किंवा टीम चुकली असेल तर इन्व्हाइट रद्द करून नवं पाठवायची गरज नाही. नावासमोरच्या एडिटमधून दोन्ही बदलता येतं, आणि रद्द करायचा पर्यायही तिथेच असतो. त्याच माणसाला एकदा ई-मेलवर आणि एकदा युजरनेमवर बोलावणं टाळा. यादीत दोन ओळी होतात आणि कुठली खरी ते कळत नाही. पैसे भरून घेतलेल्या प्लॅनमध्ये तर मेंबर होण्यासाठी पाठवलेलं पेंडिंग इन्व्हाइटही एक सीट (पैसे भरलेली एका माणसाची जागा) धरून बसतं, त्यामुळे ‘सीट शिल्लक नाही’ असं आलं तर नवी सीट घेण्याआधी ही यादी साफ करा. घाऊक पाठवणाऱ्यांसाठी 24 तासांत 500 इन्व्हाइट्सची मर्यादा आहे. फुकट प्लॅनवर, किंवा ऑर्गनायझेशन महिन्याभराच्या आतली असेल तर, ती 50 वर येते. कॉलेजच्या क्लबने एका संध्याकाळी सगळ्या वर्गाला बोलवायचं ठरवलं की ती हमखास आडवी येते.

लोक बरेच असतील आणि रोज यादी बघावी लागत असेल तर एपीआयने, म्हणजे प्रोग्रॅममधून थेट गिटहबकडे माहिती मागून, ती काढणं सोपं. पेंडिंग, फेल्ड आणि एखाद्या टीमपुरती पेंडिंग अशा तिन्ही याद्या स्वतंत्रपणे मागता येतात. प्रत्येक नोंदीत रोल, इन्व्हाइट कोणी पाठवलं, कधी पाठवलं आणि किती टीम्स जोडल्यात हे मिळतं. स्क्रिप्ट लिहिताना तीन गोष्टी सांभाळा. एका पानावर आपोआप 30 नोंदीच येतात. मागितल्या तर 100 पर्यंत मिळतात, त्यापुढे पुढचं पान मागावं लागतं. ‘माझ्याकडे 30च दिसतात’ याचं कारण हेच. दुसरं, गिटहबवर अकाउंट नसलेल्या माणसाच्या नोंदीत लॉगिनची (युजरनेमची) जागा रिकामी येते, तेव्हा नावाऐवजी ई-मेलवरून जुळवणी करा. तिसरं, वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, असते. नोंदीत 3 तारखेचे 20:10 दिसले तर आपल्याकडे तेव्हा 4 तारखेचे पहाटेचे 1:40 झालेले असतात, म्हणून 7 दिवस मोजताना साडेपाच तास आधी मिळवून घ्या.