नवीन हेडटॉर्चचं बटण घट्ट लागतंय? जोर लावायच्या आधी या चुका टाळा

जून आला की आमच्या गोव्यात हेडटॉर्च घेणाऱ्यांची गडबड सुरू होते. चोर्ल्याच्या बाजूला रात्री बेडूक-साप बघायला जाणारे, मानशीवर (खाजणातल्या पाण्याच्या दारावर) रात्रीचं जाळं लावणारे, सत्तरीत भर पावसात कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) उतरून पाट मोकळा करणारे, आणि लाईट गेल्यावर दोन्ही हात मोकळे पाहिजेत म्हणून घेणारे घरचे लोक, सगळ्यांनाच ती लागते. आणि नवीन पीस हातात आला की तक्रारी ठरलेल्या, बटण दबतच नाही, पुढचा भाग खाली वळत नाही, बॅटरीचं झाकण नखं तुटली तरी उघडत नाही. मग कोणी त्यात खोबरेल तेल सोडतो, कोणी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटतो आणि चांगली वस्तू पाऊस सुरू व्हायच्या आतच वाया जाते. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण यातल्या बहुतेक हेडटॉर्चमध्ये काही बिघाड नसतोच.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. हेडटॉर्च घट्ट असते त्याचं मोठं कारण म्हणजे पाणी आत जाऊ नये म्हणून बसवलेलं रबर. बटणावर रबराची टोपी, झाकणाला रबराची रिंग, चार्जिंगच्या भोकावर रबराचं बूच. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वर समुद्राची खारी हवा, त्यामुळे गोव्यात हेडटॉर्च घेताना आपण अर्धे पैसे या रबराचेच देतो असं मला वाटतं. ते सैल करायच्या मागे लागलात तर आत पाणी जाणारच. म्हणून आधी बघायचं की नेमकं काय घट्ट आहे, आणि ते तसं असायलाच हवं का.

लॉक असताना बटण दाबत बसणं

ही चूक सगळ्यात जास्त होते. बऱ्याच हेडटॉर्चना लॉक असतो, बॅगेत चुकून बटण दाबलं जाऊन बॅटरी संपू नये म्हणून. काही पीस कंपनीतूनच लॉक होऊन येतात, काहींत बॅटरी आणि पत्र्याच्या मध्ये प्लास्टिकची पातळ पट्टी घातलेली असते, ती ओढून काढेपर्यंत करंटच जात नाही. लॉक असताना बटण दाबलं की बऱ्याच मॉडेलमध्ये एक बारीक इंडिकेटर लुकलुकतो आणि बस, लाईट लागत नाही, मग माणसाला वाटतं आपण नीट दाबलं नाही, तो अजून जोरात दाबतो, मग दोन अंगठ्यांनी दाबतो, मग टेबलावर ठेवून दाबतो. काही उपयोग नाही. लॉक काढायला बहुतेक वेळा बटण काही सेकंद सलग धरून ठेवायचं असतं, काही मॉडेलला दोन बटणं एकदम, काहींना गोल नॉब एका खुणेवर आणायचा. बॉक्समधला तो घडी घातलेला कागद वाचा, त्यात चित्रं असतात, दोन मिनिटांचं काम आहे.

तेच मोडचं. एकदा दाबलं की एक, पटकन दोनदा दाबलं की लाल लाईट, धरून ठेवलं की उजेड कमी-जास्त. अशा बटणाला तुम्ही कितीही जोर द्या, त्याला फक्त किती वेळ दाबलं तेवढंच कळतं. अर्धा सेकंद जास्त धरलं की भलताच मोड लागतो आणि लोक म्हणतात बटण अडकतंय. घरी अंधाऱ्या खोलीत डोक्याला लावून, न बघता, ओल्या बोटांनी सगळे मोड फिरवून बघा. लाल लाईट कशी लागते हे तर बोटांना पाठच पाहिजे, कारण बेडकांच्या मागे गेल्यावर शेजारच्याच्या डोळ्यात फुल पांढरा झोत मारला की त्याला पुढची कितीतरी मिनिटं काही दिसत नाही. (आणि बेडूक बघायचेच फक्त. पहिल्या पावसात अजून काही लोक पोतं घेऊन पकडायला निघतात, वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे आणि शेताला त्यांची गरज आहे.)

बटणाच्या कडेला दाबणं

रबराच्या टोपीखालचा खरा स्विच अगदी बारीक असतो, त्यात धातूची फुगीर चकती असते, ती मधोमध दाबली की टिक करून खाली जाते. तुम्ही कडेला दाबलं तर सगळा जोर रबरच खाऊन टाकतं, स्विचपर्यंत पोचतच नाही, आणि वाटतं बटण कडक आहे. अंधारात बोट नेमकं कडेलाच पडतं. उपाय साधा आहे, तर्जनी बटणावर, अंगठा खालून बॉडीला, चिमटीत धरल्यासारखं दाबायचं, म्हणजे लॅम्प कपाळावर खाली सरकतही नाही. नुसतं वरून बोटाने दाबलं की अर्धा जोर पट्टा खाली ढकलण्यात जातो. नवीन रबर वापरून थोडं नरम पडतंच, तेव्हा टीव्ही बघताना बॅटरी काढून बटण दाबत बसलात तरी चालेल, फक्त पेनाच्या टोकाने नको, रबर फाटतं.

अजून एक प्रकार असतो तो पटकन लक्षात येत नाही. चांगला सीलबंद लॅम्प असेल तर आतली हवा आतच कोंडलेली असते. लॅम्प उन्हात तापला किंवा तुम्ही पणजीहून निघून चोर्ल्याच्या घाटात समुद्रसपाटीपासून ८०० मीटरच्या आसपास पोचलात की आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त होतो आणि बटणाचं रबर किंचित फुगून ताठ होऊ शकतं. असं वाटलं तर कोरड्या जागी बॅटरीचं झाकण एकदा उघडून परत लावा, दाब सारखा होतो. बाकी लिथियम बॅटरीची वस्तू उन्हात बंद गाडीत ठेवायचीच नाही, बटणाचं सोडून द्या, बॅटरी खराब होते.

घरात सापडेल ते तेल लावणं

इथे मी जरा जास्त बोलणार, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. खोबरेल तेल, व्हॅसलीन, शिलाई मशीनचं तेल, गंज काढायचा स्प्रे, यातलं काहीही नको. खोबरेल २४ डिग्रीच्या खाली थिजतं, म्हणजे डिसेंबरात मोलेच्या बाजूला पहाटे तुमचं झाकण आणखी घट्ट होणार, वर ते खवट होऊन चिकट थर धरतं आणि त्यात रेती बसते. व्हॅसलीन आणि पेट्रोलियमची तेलं काही जातीचं रबर फुगवतात, फुगलेली रिंग खोबणीत मावत नाही, बाहेर येते आणि झाकणाखाली चिरडते. स्प्रेमुळे काही पारदर्शक प्लास्टिकला बारीक तडे जाऊ शकतात, पुढची काच म्हणून जी असते ती बहुतेक वेळा प्लास्टिकच असते हे विसरू नका.

लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस. प्लंबिंगचं सामान, पाण्याच्या फिल्टरचं सामान विकणाऱ्याकडे मिळतं, ग्रँड आयलंडला डायव्हिंगला नेणाऱ्यांकडे तर असतंच, पाण्याखालच्या कॅमेऱ्याच्या रिंगना तेच लावतात. तांदळाच्या दाण्याएवढंसुद्धा जास्त होतं. रिंग बोटात धरून नुसती चकाकेल एवढंच फिरवायचं, ग्रीसचा गोळा दिसला तर पुसून काढा. बॅटरीच्या टोकांना, स्प्रिंगला लावू नका, करंट अडतो. आणि रिंगच जर सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन ग्रीस चालत नाही, तीही फुगते. बहुतेक काळ्या रिंगा नायट्राइल रबराच्या असतात, त्यांना चालतं, पण रंगावर भरवसा ठेवू नका, कागदात काय लिहिलंय ते बघा. बटणाच्या फटीत तर कुठलंच वंगण सोडायचं नाही.

जळवांसाठी लावायचं औषधही यातच आलं. ज्या रिपेलंटमध्ये डीईईटी नावाचं रसायन असतं ते बऱ्याच प्लास्टिकला आणि काही रबराला खातं, काच धुरकट होते, बटण चिकट होतं. हाताला लावलं की हात पुसा, मग लॅम्पला हात लावा. मीठ वापरत असाल तर तेच, मीठाची ओली बोटं बटणावर गेली की कडेला खडे सुकून बसतात आणि बटण करकरतं.

झाकण उचकटणं

मावसभाऊ नवी हेडटॉर्च घेऊन आला, म्हणाला, दादा, झाकण लागता लागत नाही, बहुतेक साचाच चुकलाय. मी झाकण काढून खिडकीत उजेडात धरलं. रिंग सगळीकडे खोबणीत नीट बसलेली, फक्त बिजागरीच्या बाजूला एक छोटा वळसा बाहेर आलेला, आणि त्या वळशावर झाकणाची कड दाबून दाबून रबर चपटं झालेलं, मधोमध केसाएवढा काप. जोर लावून बंद केलं असतं तर बंदही झालं असतं आणि पहिल्याच सरीत त्या कापातून पाणी आत गेलं असतं. सोबत जादा रिंग आली होती, ती बसवली, झाकण दोन बोटांनी बंद झालं.

म्हणून झाकण लागत नसेल तर आधी रिंग बघा, मग बॅटऱ्या उलट-सुलट बरोबर घातल्यात का बघा, मग रिंगवर केस, धागा, रेतीचा कण आहे का बघा. उघडताना नख नको, अंगठ्याचा पेर वापरा, खाच नाण्याची असेल तरच नाणं. सुरी आणि स्क्रूड्रायव्हर दूर ठेवा, खिटी तुटली की झाकण रबरबँडने बांधून फिरावं लागतं. आतली चार्जिंगची चपटी बॅटरी फुगल्यामुळे झाकण घट्ट झालं असेल तर मात्र दाबू नका, चार्ज करू नका, टोचू नका, सरळ दुकानात परत.

ज्यांच्याकडे १८६५० सेलवाली (जाडसर गोल चार्जिंगचा सेल), स्क्रूच्या टोपीची हेडटॉर्च आहे त्यांनी आटे करकरतात म्हणून सँडपेपर मारू नये. आट्यांवर जो रंगीत थर असतो त्यातून करंट जात नाही, म्हणूनच बऱ्याच मॉडेलमध्ये टोपी पाव फेरा सैल केली की लाईट बंद राहते, प्रवासात हाच सगळ्यात खात्रीचा लॉक. थर घासला की हा लॉक गेला. सुती कपड्याने आटे पुसा, किंचित ग्रीस, झालं.

डोक्यावर असतानाच एका हाताने वाकवणं

पुढचा भाग खाली वळवायची बिजागरी नवीन असताना कडक असलीच पाहिजे, नाहीतर उतरताना प्रत्येक पावलाला झोत पायाकडे घसरेल. एका हाताने पट्टीची प्लेट धरा, दुसऱ्याने लॅम्प, आणि एकेक टिक करत वळवा. बॅटरीचा डबा मागे असेल तर वायर कुठून जाते ते आधी बघा, ती बिजागरीत चिमटली असेल तर जोर लावून ती तुटेल. इथे तेल तर मुळीच नको, एकदा सैल झाली की ती परत घट्ट होत नाही. बाजूला स्क्रू असेल तर थोडासा फिरवून बघता येतो.

नळाखाली धरणं

मिरामारला किंवा कोळव्याला रेतीत पडली, बटणात कण गेले, की लोक सरळ नळाखाली धरतात. आधी बॉक्सवरचा आयपीएक्स आकडा बघा, लॅम्प किती पाणी सोसतो ते त्यावरून कळतं. आयपीएक्स-४ म्हणजे फक्त शिंतोडे, त्याला ओलं फडकं आणि मऊ टूथब्रश पुरे. आयपीएक्स-७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, ती गोड्या पाण्याच्या वाटीत बुडवून बटण हलकेच दाबत कण काढता येतात, झाकण आणि बूच नीट लागलंय एवढं बघून. जोरदार धार मात्र तिलाही नको. चार्जिंगचं बूच दाताने ओढू नका, आणि आत ओलसर असेल तर पूर्ण सुकल्याशिवाय चार्जरला लावू नका, खाऱ्या ओलीने टोकं हिरवी पडतात.

इतकं करूनही बटण दाबल्यावर वर येतच नाही, टिक ऐकू येतं पण लाईट दर वेळी लागत नाही, एकाच बाजूला अडकतं, किंवा रिंग नवीन असूनही झाकणाला फट दिसते, तर तो पीसच खराब आहे. घासणं, तेल लावणं, स्क्रू खोलणं यातलं काहीही करायच्या आत बदलून घ्या, कारण ओरखडे दिसले की दुकानदार वॉरंटीत घेत नाही. बिल आणि बॉक्स पाऊस संपेपर्यंत टाकू नका, आणि बदलून घेताना दुकानातच त्याच मॉडेलचे दोन पीस हातात घेऊन बटणं दाबून बघा, झाकणं उघडून बघा, मगच त्यातला एक घरी आणा.