बूस्ट उतरवला, तेव्हा कुठे इंजिन शांत झालं

तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन. ट्यून केल्यावर गाडी सुसाट पळायची, पण उन्हात दोन-तीनदा जोरात पळवली की ताकद गळायची. आधी मी टर्बोलाच दोष दिला. (उगाच. तो ठणठणीत होता.)

डेटा लॉग काढला तेव्हा खरं कळलं. २,५०० आरपीएमलाच बूस्ट (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब) १.५ बारवर चढत होता, आत येणारी हवा ६५ अंशांवर, आणि नॉकिंगमुळे (मिश्रण ठिणगीशिवाय आपोआप पेटून बसणारे ठोके) ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) ६ अंश मागे खेचत होता. कमी आरपीएमला पिस्टन सावकाश हलतो; दाबाखालचं तापलेलं हवा-इंधनाचं मिश्रण आपोआप पेटायला वेळ मिळतो आणि सगळा मार कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग खातात.

मग बूस्ट १.२ बारवर आणला, तोही ३,५०० च्या पुढेच पूर्ण मिळेल असा. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, त्यामुळे वरच्या टोकाला फार गमावलं नाही. मोठ्या इंजिनाचा फायदा हाच. दोन लिटरवाल्याला तेवढ्याच ताकदीसाठी बराच जास्त दाब लागतो. इंटरकूलर (आत जाणारी हवा थंड करणारा) मोठा बसवला, स्पार्क प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे घेतले, त्यांच्या टोकांमधली गॅप ०.८ वरून ०.६ मिमी.

ऑइल आता ८,००० किमीला बदलतो, आणि ते ९० अंशांवर गेल्याशिवाय पाय दाबत नाही.

टायमिंग आता जागेवर राहतं. खालून पाठीत बसणारा तो धक्का मात्र गेला, त्याची थोडी हळहळ आहेच.